एकोणीस मिलिमीटर

डंडीत नोव्हेंबरमध्ये साडेतीनलाच दिवे लागतात.
टे नदीवरून धुकं चढत येतं
आणि लॅबच्या खिडकीला ओल्या लोकरीसारखं लागून बसतं.
मिस्टर हॅडो त्यातूनच आले,
कोटाच्या आतल्या खिशात खोकल्याच्या औषधाची बाटली,
तळाशी दोन बोटं तेल.
लेबलवर पेन्सिलीनं: थाइम, दुसरी कापणी, कुंपणाकडचा वाफा.
"बायकोनं काढलंय. शेडमध्ये, तांब्याच्या नळीनं.
यात काय आहे, तेवढं सांगाल?"

आम्ही बाहेरचे नमुने घेत नाही.
मी घेतला.

सगळे गेल्यावर एक मायक्रोलिटर यंत्राला पाजला.
केसाएवढ्या नळीतून तीस मीटर धावत
तेलातला एकेक जण सुटा होऊन बाहेर पडला,
हलके आधी, जड मागून,
कागदावर सुळक्यांची रांग:
सायमीन, टर्पिनीन, चिमूटभर लिनालूल,
आणि सगळ्यांच्या डोक्यावरून बघणारा
थायमॉल. एकेचाळीस टक्के.

थायमॉल म्हणजे आपल्या ओव्यातलाच.
हे मी वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं;
पण त्या रात्री बाटलीचं बूच काढलं
आणि चिपळूणच्या मागच्या खोलीत
निखाऱ्यावर ओवा तडतडला.
बाजेखाली शेगडी, बाजेवर माझी बहीण,
कुशीत सहा दिवसांचा लाल गोळा,
धुरानं सगळ्यांचे डोळे पाणावलेले
आणि आत्या म्हणतेय, "दार लावा गं, वारं शिरेल."
वारं म्हणजे नेमकं काय, कुणालाच ठाऊक नव्हतं.
मी आता ते थाळीत वाढवते,
सदतीस अंशांवर, रात्रभर.

दोन थाळ्या केल्या.
पहिलीत स्टॅफ, सोनेरी.
मधोमध कागदाची टिकली, टिकलीवर तेलाचा थेंब.
सायमीन स्वतः फारसं कुणाला मारत नाही,
तो नुसता भिंत फुगवून दार किलकिलं करतो;
थायमॉल आत शिरतो
आणि पेशीतलं पोटॅशियम
फुटक्या रांजणातल्या पाण्यासारखं निघून जातं.
सकाळी टिकलीभोवती स्वच्छ वर्तुळ होतं.
पट्टी लावली: एकोणीस मिलिमीटर.
तेवढ्या अंगणात कुणी पाऊल टाकलं नव्हतं.

दुसरीत स्यूडोमोनास.
त्याला दुहेरी तट, आणि तटात मोटा,
आत आलेलं विष उपसून बाहेर ओतणाऱ्या.
तो टिकलीला खेटून उभा होता,
हिरवागार,
द्राक्षांसारखा गोड वास सोडत.

मिस्टर हॅडो गुरुवारी आले, टोपी हातात.
थाळ्या दाखवायची पद्धत नाही.
झाकणं चिकटवून दाखवल्या.
वर्तुळ बघून हसले:
"युफीमिया म्हणायचीच.
डॉक्टरांच्या गोळ्या ड्रॉवरमध्ये,
पायाच्या जखमेला हेच. सकाळ-संध्याकाळ."
मग दुसरी थाळी उजेडाकडे धरली.
बराच वेळ.
"तिच्या पट्ट्या अशाच व्हायच्या," ते म्हणाले.
"हिरव्या. आणि खोलीत द्राक्षांचा वास.
मला वाटायचं, तेलाचाच असेल."

सांगण्यासारखं पुष्कळ होतं:
की थाळी म्हणजे पाय नव्हे,
की वाफ्यागणिक, कापणीगणिक तेल बदलतं,
की गोळ्यांनीही कदाचित...
त्यातलं एकही मी बोलले नाही.
रिपोर्टमध्ये बसेल तेवढंच लिहिलं.

त्यांनी रिपोर्टची चौघडी घातली,
बाटली टेबलावरच ठेवली.
दारात थांबले.
"एकोणीस. वाईट नाही ना?"
"नाही," मी म्हटलं. "चांगलं आहे."

दर सहा महिन्यांनी फ्रिज रिकामा करायची नोटीस येते.
पेन्सिलीचं अक्षर थंडीनं ओलसर झालंय,
'कुंपणाकडचा' एवढंच धड वाचता येतं.
मी बाटली मागच्या कप्प्यात सरकवते.